दोषाला लाल दोरा

९ डिसेंबर

प्रिय अव्वा,

हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते: मी बरी आहे. वजन एक किलो चारशे ग्रॅमने उतरलं आहे, ताप एकदा आला तो दीड दिवसात गेला, आणि तू दिलेल्या साठ कडक भाकऱ्यांपैकी अकरा अजून शिल्लक आहेत. एवढं सगळं मी फोनवरही सांगू शकले असते. पण फोन तुझ्या लेकाच्या, अमरेशच्या हातात असतो, तुझ्या खांद्यामागून आप्पा 'जेवलीस का, काय जेवलीस' करत डोकावतात, आणि तू पडद्याकडे बघून नुसती हसतेस. काही गोष्टी तेवढ्या गर्दीत सांगता येत नाहीत. माझ्याबरोबर काम करणारी हैदराबादची एक मुलगी गुरुवारी सुट्टीवर घरी जाते आहे, ती तिथून हे पत्र टाकेल. सतरा-अठरा तारखेपर्यंत शेळगीत पोचायला हरकत नाही. आपण दोघी कन्नडमध्ये बोलतो, पण मला कन्नड लिहिता येत नाही. मराठी शाळेत घातल्याचा तो परिणाम. म्हणून मराठीत लिहिते. तू सावकाश वाचतेस, तुला दोन दुपारी लागतील. लागू देत. अमरेशला वाचून दाखवायला सांगू नकोस.

रविवारी त्याच्याकडून कळलं की फेब्रुवारीत पुण्याला बचत गटांचं प्रदर्शन आहे, दहा दिवसांचं, आणि तुमच्या गटाच्या स्टॉलवर तू उभं राहावंस असं सगळ्या बायकांनी ठरवलं होतं. तू नको म्हणालीस. मग गटातली मायाक्का घरी येऊन बोलून गेली, तेही त्याने नक्कल करून ऐकवलं: "हेमा, भाकरी तुजी, चटणी तुजी, आन् तितं उबी ऱ्हायला दुसरी व्हय? गिऱ्हाइकानं इचारलं ह्यात काय काय घातलंय, तर मी काय माजं कपाळ सांगू?" त्यावर तू म्हणालीस, मला मराठी नीट येत न्हाय, पुण्याची लोकं हसतील. अमरेशला हे सांगताना हसू येत होतं. मला आलं नाही. नाव कळवायची शेवटची तारीख अठ्ठावीस डिसेंबर आहे, आणि तू गेली नाहीस तर गट ती जागा सोडून देणार, हेही त्यानेच सांगितलं. त्याबद्दल मी शेवटी लिहीन. आधी इथलं सांगते, कारण इथलं कळल्याशिवाय माझं म्हणणं तुला कळणार नाही.

मी कंबोडियात आहे. तू शेजारी 'तिकडं, ब्यांकॉकच्या पल्याड' असं सांगतेस ते भूगोलाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. गाव मोठ्या नदीच्या काठाला आहे. घरं लाकडी खांबांवर, जमिनीपासून सात-आठ फूट उंच. माणसं वर राहतात आणि घराखालच्या सावलीत एक हातमाग, एक झोळी आणि चार कोंबड्या असतात. इथल्या बायका रेशमी उपरणी विणतात. आपल्या कारखान्यात कानात बोळे घातल्याशिवाय मागाच्या खात्यात पाऊल टाकता येत नाही. इथे मी रस्त्याने चालताना नुसत्या आवाजावरून कोणाचा माग चालू आहे ते ओळखते. खाण्याचे हाल पहिल्या आठवड्यात झाले. इथे भाजीतसुद्धा मासळीची आंबवलेली चटणी घालतात. मी ज्यांच्याकडे राहते त्या बाईंना मी गळ्यातलं इष्टलिंग दाखवून, हात जोडून, कागदावर मासा काढून त्यावर फुली मारून, पुन्हा हात जोडून समजावलं. तेव्हापासून त्या मला भात, केळी आणि तळलेली भाजी वेगळ्या कढईत करून देतात. तुझी कडक भाकरी त्यांना पापडाची मोठी बहीण वाटली. शेंगाचटणी मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

निघताना आप्पा म्हणाले होते, "इंजिनियर हून फुकटात मास्तरकी? आन् हितल्या शाळा काय जळाल्या व्हय?" तीन दिवस बसून भाकऱ्या भाजल्यास. आप्पांना द्यायचं उत्तर सोपं होतं. या गावात परदेशी पाहुणे सायकलवरून कापड बघायला येतात. त्यांच्याबरोबर शहरातला एक वाटाड्या असतो, तोच सगळं बोलतो. विणणारी बाई आपल्याच कापडाशेजारी हसत उभी राहते आणि तो माणूस तिच्या कापडाबद्दल वाटेल ते सांगतो. मी स्वतः ऐकलं आहे: लाखेच्या किड्यापासून काढलेला रंग त्याने फुलांचा म्हणून सांगितला. इथल्या एका लहानशा संस्थेला वाटलं की या बायकांनी स्वतः बोलावं. त्यांना इंग्रजी शिकवणारं आणि विणकाम कळणारं माणूस हवं होतं. मला दोन्ही थोडंथोडं येतं. चार महिने, दुपारी साडेबारा ते पावणेदोन, कारण तेवढाच वेळ माग बंद असतात.

मी कारखान्यात नेमकं काय करते हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू विचारलंस की मी 'क्वालिटी' असं म्हणून ताट उचलायचे. तर ते असं. टॉवेलचं कापड मागावरून उतरलं की एका लांब टेबलावरून सरकतं, टेबलाखाली दिवे असतात, आणि मी समोर उभी राहून त्यातले दोष बघते. कुठे आडवा धागा सुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे धाग्याचा फासा ओढला गेलेला. दोष दिसला की त्याच्या सरळ रेषेत कापडाच्या काठाला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा. शंभर मीटरमागे दोरे ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाले की माल परत. तीन वर्षं मी हे केलं आणि मी त्यात चांगली आहे. माझ्या नजरेतून सुटलेला दोष पुढे गिऱ्हाइकाने काढला असं तीन वर्षांत दोनदाच झालं.

तीच पद्धत मी वर्गात आणली. मला दुसरी माहीत नव्हती. पहिल्या दिवशी चौदा बायका आल्या. मी फळ्याच्या वर एक सुतळी ताणली, तिला चौदा नावांच्या चिठ्ठ्या अडकवल्या आणि ठरवलं की जिचं वाक्य चुकेल तिच्या चिठ्ठीखाली एक लाल दोरा बांधायचा. दोरे तिथेच मिळाले, कुणाच्या तरी मागाचे उरलेले. समजावून सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती आणि संस्थेचं काम बघणारी चांथू त्या दिवशी शहरात गेली होती. मी गृहीत धरलं की दोरे बघून त्यांना आपोआप कळेल. आपल्याकडे कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरालाही पहिल्या तासात कळतं.

त्यांना कळलं, पण दुसरंच. वर्गात सगळ्यांत मोठा आवाज मिंग सोखोमचा. मिंग म्हणजे मावशी. बावन्न वर्षांची आहे, आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशी इंग्रजी बोलते. पहिलंच वाक्य तिने ठोकून दिलं: "आय हॅव फोर चिल्ड्रन, टू लूम, ऑल हंग्री!" मी लाल दोरा बांधला. तिने हात जोडले. दुसरी उठली, तिने तीन वाक्यं म्हटली, मी तीन दोरे बांधले, तीही खूश. चौथ्या दिवशी बायका हात वर करून आधी मला, आधी मला करायला लागल्या. सोखोम पाहुण्यांना काय म्हणायचं याचा सराव करत होती: "यू टच, यू बाय! नो बाय, ओके, यू सिट, यू ड्रिंक वॉटर!" मी दोन दोरे बांधले, तर तिने बोटांनी तीन मागितले. मला वाटलं, चुकांची लाज नसलेला असा वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही. माझ्या वहीत रोजची नोंद आहे. पहिले तेरा दिवस प्रत्येक बाई एका तासाला सरासरी अकरा वाक्यं बोलत होती. अकरा. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मी संपूर्ण सहामाहीत इंग्रजीत अकरा वाक्यं बोलले नव्हते.

चौदाव्या दिवशी सोखोम केळ्यांचा घड घेऊन आली आणि वर्गात वाटला. तिचे एकेचाळीस दोरे झाले होते, सगळ्यांत जास्त. चांथूने हसत हसत मला सांगितलं की इथे मठातले भिक्खू आणि घरातली वडीलधारी माणसं मनगटाला लाल दोरा बांधतात, आशीर्वाद म्हणून, रक्षण म्हणून. भारतातून आलेल्या बाईने आपल्याला सगळ्यांत जास्त आशीर्वाद दिले असं सोखोम बाजारभर सांगत फिरते आहे. मी वर्गाकडे पाहिलं. चौदाही जणींच्या मनगटांवर लाल दोरे होते. दोन आठवडे माझ्या समोर होते. मी, जिला शंभर मीटरमध्ये एक सुटलेला धागा दिसतो, मी ते पाहिले होते आणि विचारलं नव्हतं.

चांथू म्हणाली, असू दे, राहू दे तसंच. मला राहवलं नाही. चुकीची माहिती पुढे जाऊ द्यायची नाही हे माझ्या हाडात गेलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, मी बोलते, तू शब्दाला शब्द सांग. ती दोनदा थांबली, तिने दोनदा माझ्याकडे बघितलं, आणि मग सांगितलं: दोरा म्हणजे चूक. सोखोम उठली, सुतळीपाशी गेली, आपले दोरे बोटाने एकेक करून मोजले, शेवटी हसली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी नऊ जणी आल्या. त्याच्या पुढच्या दिवशी सहा. सोखोम दोन्ही दिवस नव्हती. ज्या येत होत्या त्या एका तासात दोन वाक्यं बोलत, तीही मी फळ्यावर लिहून दिलेली. वहीतलं चुकांचं प्रमाण एकदम खाली आलं. कारखान्यात तो तक्ता दाखवला असता तर मला शाबासकी मिळाली असती. माग बंद ठेवला की दोष शून्यच येतात, हे आमच्याकडे विनोद म्हणून सांगतात. मला तो पहिल्यांदा कळला.

त्या शनिवारी मी सोखोमच्या घरी गेले. ती घराखाली मागावर बसली होती. मला बघून उठली, झोळीतलं नातवंड बाजूला करून बसायला जागा दिली, शहाळं फोडून दिलं. मी इंग्रजीत विचारलं, वर्गाला का येत नाहीस? तिला प्रश्न नक्की समजला, कारण तोच प्रश्न तिने स्वतः वर्गात शेजारणीला विचारून दाखवला होता. ती हसली आणि ख्मेरमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, काहीतरी सांगून मागावर बसली. हसू कसं, तर तोंड भरून, ओठ मिटून, डोळे माझ्या हनुवटीवर ठेवून. अव्वा, तसं हसू मी आधी पाहिलं होतं. कुठे ते आठवायला मला घरापर्यंतचा रस्ताही लागला नाही.

आठवीची पालकसभा. आप्पांची पहिली पाळी होती म्हणून तू आलीस. वर्गशिक्षिकांनी विचारलं, राजेश्वरी घरी अभ्यास करते का. तू खुर्चीच्या कडेला बसून, पिशवी मांडीवर घेऊन, अगदी आनंदाने म्हणालीस, "लई करतो मॅडम, माझा पोरगी. जेवाण इसरतो बगा." मागच्या बाकावरच्या दोघी फिसकन हसल्या. मॅडम हसल्या नव्हत्या, त्या चांगल्या होत्या, त्यांना सगळं समजलं होतं. मी मात्र तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, तुझं वाक्य दुरुस्त केलं. शब्दाला शब्द, मोठ्याने. आणि वर म्हणाले, मॅडम, हिला विचारू नका, मी सांगते. तू माझ्या हनुवटीकडे बघून हसलीस. सभा संपेपर्यंत तू पिशवीच्या बंदाला गाठ मारत आणि सोडवत होतीस.

त्याआधीही मी घरी हेच करायचे. ताटावर बसून तू काही बोललीस की मी चमच्याने ताटाच्या कडेला टकटक करायचे आणि बरोबर शब्द सांगायचे. मला वाटायचं, मी मदत करते आहे. गेले दोन आठवडे मी आठवून पाहिलं की तू माझ्याशी मराठीत शेवटचं कधी बोललीस. मला त्या पालकसभेनंतरचं एकही वाक्य आठवत नाही. मी समजत होते तुला कन्नड आवडते. पण मायाक्काशी तू मराठी बोलतेस. भाजीवाल्याशी तर तू भांडतेस. मी आतल्या खोलीतून किती वेळा ऐकलं आहे: "ओ दादा, ही मेथी काल बी आलती की आमच्या दारात, आज पुन्ना पानी मारून आणलाव व्हय?" आणि तो बिचारा, "न्हाय ओ अव्वा, ताजी हाय, देवाशप्पत." मग मी दारात यायचे, आणि तू वाक्य अर्धं सोडून बाजूला व्हायचीस, उरलेली घासाघीस मी करायची. मी ती वाईट करते. तू कमीत कमी दोन रुपये जास्त पाडून घेतले असतेस.

सोमवारी मी चांथूकडून ख्मेरमधली चार वाक्यं लिहून घेतली आणि दोन दिवस पाठ केली. मग तिला सगळ्यांच्या घरी पाठवून निरोप दिला की बुधवारी शिकवणं नाही, फक्त या. दहा जणी आल्या. सोखोम शेवटी आली आणि दारातच उभी राहिली. मी सुतळी काढून टाकली होती. उभी राहून मी म्हटलं, सोम तोह, म्हणजे माफ करा; मी वाईट पद्धत आणली; तुम्ही छान बोलत होता; परत बोला. असं म्हणायचं होतं. मी काय म्हटलं कोण जाणे, पण दुसऱ्या वाक्याला पुढच्या बाकावरच्या मुलीने तोंडावर उपरणं घेतलं, तिसऱ्याला सगळा वर्ग डोलायला लागला, आणि चौथ्याला माझे कान तापले. गेल्या दहा-बारा वर्षांत मी लोकांसमोर चुकीचं काहीही बोललेले नाही, कारण खात्री नसेल तिथे मी बोलतच नाही. सोखोम पुढे आली. चांथूला काहीतरी म्हणाली. चांथूने सांगितलं, "ती म्हणते, तुझी ख्मेर ऐकून तिच्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील. पण समजलं सगळं." मग सोखोमने कमरेच्या पिशवीतून लाल दोरा काढला, दाताने तुकडे केले आणि माझ्या मनगटावर एकेक बांधायला लागली. चार वाक्यांना सात दोरे. यातले चुकांचे किती आणि आशीर्वादाचे किती, हे मी विचारलं नाही.

आता अकरा जणी येतात. तिघी परत आल्या नाहीत, त्यांच्या घरी मी दोनदा जाऊन आले, त्या शहाळं देतात. वाक्यांची सरासरी आठवर आली आहे. मी आता मध्येच कोणाला थांबवत नाही. बाईचं बोलणं पूर्ण होऊ देते आणि तिने विचारलं तरच एखादी गोष्ट सांगते. मला हे सहज जमतं असं समजू नकोस. गप्प बसताना मी दोन पेनांची टोपणं चावून खराब केली आहेत. पण परवा एक म्हातारं परदेशी जोडपं सोखोमच्या घरी आलं होतं आणि वाटाड्याने रंगाचं तेच फुलांचं पुराण सुरू केलं. सोखोमने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं आणि सांगितलं, "नो फ्लॉवर! इन्सेक्ट! स्मॉल, स्मॉल, आय कुक!" म्हातारी बाई आधी दचकली, मग खाली बसून तासभर तिच्याशी बोलत राहिली. वाक्यात चुका किती होत्या ते माझ्या डोक्यात आपोआप मोजलं गेलं. ते थांबायला वेळ लागेल. त्या बाईने मात्र मोजलं नाही. तिने दोन उपरणी घेतली आणि सोखोमचं नाव वहीत लिहून नेलं.

पुण्याच्या लोकांबद्दल मी तुला हमी देऊ शकत नाही. एखादी हसेलही. पण स्टॉलवर येणारं माणूस विचारणार की ही भाकरी किती दिवस टिकते, तीळ कोणते, चटणी उखळातली की मिक्सरमधली, आणि एवढी पातळ थापता कशी. या चारही प्रश्नांची उत्तरं गटातल्या बावीस बायकांत तुझ्याइतकी कोणाला ठाऊक नाहीत. अमरेश म्हणतो गटातल्या सिद्धेश्वरीला पाठवा, ती बी.कॉम. आहे. सिद्धेश्वरी चांगली मुलगी आहे, पण तिला भाकरी तव्यावरून कधी उतरवायची ते माहीत नाही. तिला तू शिकवलंस तेच ती सांगणार, आणि तू इथल्या बायकांसारखी आपल्याच भाकरीशेजारी हसत उभी राहणार, तीही शेळगीत, आपल्याच स्वयंपाकघरात.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. दहावीच्या बक्षीस समारंभाच्या वेळी मी तुला सांगितलं होतं की शाळेने एकाच पालकाला बोलावलं आहे, म्हणून आप्पा येतील. तू हिरवी इरकल इस्त्री करून कॉटवर काढून ठेवली होतीस. तू 'बरं' म्हणालीस, साडीची घडी मोडली नव्हतीच, तशीच कपाटात ठेवलीस आणि माझ्या वेण्या घातल्यास. अव्वा, कार्डावर दोन्ही पालकांना आमंत्रण होतं. तिथे मॅडम तुझ्याशी बोलतील आणि तू त्यांना उत्तर देशील, एवढ्याच भीतीने मी खोटं बोलले. कार्ड मी दप्तराच्या तळाशी ठेवलं आणि विसरले. त्यानंतरच्या रविवारी तू दप्तर धुवायला घेतलंस, आणि पाण्यात घालण्याआधी ते कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलंस, पालथं. सोप्या मराठीत छापलेलं होतं ते. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, आणि येत्या फेब्रुवारीत दहा वर्षं होतील. मला माफ कर. हेच तुझ्यासमोर उभं राहून कन्नडमध्ये म्हणायला मी एकतीस जानेवारीला घरी पोचते आहे. पुण्याला जायचं की नाही ते तू ठरव. पण अठ्ठावीस तारखेच्या आत मायाक्काला उत्तर तू स्वतः दे, आणि 'मला मराठी येत नाही' हे कारण देऊ नकोस. ते कारण मी तुझ्या तोंडात घातलेलं आहे, तुझं नाही. गेलीस तर मला बरोबर ने. मी स्टॉलच्या मागच्या बाजूला बसून पुड्या बांधीन, वजन करीन, खोकी उचलीन. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून काही विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवीन, आणि तू बोलत असशील तोवर तोंड उघडणार नाही.

तुझीच, आणि हे पहिल्यांदाच लिहून देणारी,
राजी